मारोतीआबांचा राखणदार

मारोतीआबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माणसाला मारत होते.

बदली होऊन वसमतला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. कुरुंद्याच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथं मी माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. खाली गल्ली, गल्लीपलीकडे आबांचं पत्र्याचं घर आणि घरामागं काटेरी कुंपणात मेंढरं. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी आले, तर खाली मोटारसायकल आडवी पडलेली, एक कोकरू रक्तात तडफडतंय आणि पागोटं बांधलेला एक उंच म्हातारा मोटारसायकलवाल्याची गचांडी धरून त्याच्या तोंडात मारतोय. शिवी नाही, आरडाओरडा नाही. खळ्यात कणसं बडवावीत तसे एकामागून एक फटके. त्या माणसाचं नाक फुटलं होतं, शर्टाच्या गुंड्या तुटल्या होत्या आणि आजूबाजूचे लोक दात घासत उभे होते.

"अहो, सोडा त्याला!" मी वरून किंचाळले. "मरेल तो!"

म्हाताऱ्यानं मान वर केली. हात तसाच उगारलेला.

"मरत न्हाई, बाई," तो म्हणाला. "मी बराबर बघून मारून राहिलो."

मग त्यानं स्वतःच आतून तांब्या आणला, त्या माणसाचं नाक धुतलं, हळद दाबली, ओट्यावर बसवून त्याला चहा पाजला. मी तरातरा खाली उतरले. माझा स्वभाव काही मवाळ नाही. शाळेत माझा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प बसतात. पोलिसात तक्रार करीन, तुम्ही कोण शिक्षा देणारे, असं सगळं मी आबांना ऐकवलं. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं आणि माझं संपल्यावर म्हणाले, "करा की तक्रार. पन आदी चा घ्या." मोटारसायकलवाला सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "घ्या म्याडम, चा चांगला हाय."

काही लोकांचा होमिओपॅथीवर विश्वास असतो तसा आबांचा मारण्यावर होता. नळाला पाणी आलं नाही की नळाला काठी. बस थांबली नाही की पुढच्या खेपेला तिच्या पत्र्यावर काठी. उधळलेला बोकड, दारू पिऊन बायकोला छळणारा शेजारी, मेंढीची किंमत पाडून मागणारा खाटीक, सगळ्यांना एकच औषध. "मार खाल्ल्याबिगर मानूस खरं बोलत न्हाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि गंमत अशी की मार खाल्लेली माणसं पुढं त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत. मला या म्हाताऱ्याचा राग यायचा आणि त्याच्याशिवाय करमायचंही नाही. संध्याकाळी तपासायच्या वह्या घेऊन मीही त्या ओट्यावर जाऊन बसायला लागले.

त्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत मांस ओरबाडल्याची खूण होती. तरुणपणी लांडग्यानं कोकरू धरलं, आबांनी लांडग्याचा जबडा धरला. ते दोघं मातीत लोळत असताना लांडग्याची मान फोडली ती त्यांच्या सुलताननं. सुलतान म्हणजे त्यांचा कुत्रा. त्याच्या गळ्यात बाहेर टोकं आलेला खिळ्यांचा पट्टा होता, लांडग्याला नरडं धरता येऊ नये म्हणून. त्या झटापटीत सुलतानचं पोट फाटलं. आबांनी त्याला घोंगड्यात बांधून आणलं, पण तो वाटेतच गेला. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माणसाचं नाक फोडून चहा उकळणारा हा गृहस्थ कुत्र्यासाठी रडायचा.

राखणीचं पिल्लू कसं निवडायचं हेही त्यांनी मला शिकवलं होतं. पिल्लाला कानाला धरून उचलायचं. जे केकाटतं ते खाली ठेवायचं. जे मुकाट लोंबकळतं तेही ठेवायचं. जे न ओरडता हाताला दात लावायला बघतं, ते घरी न्यायचं. "आन् एक," आबा बोट वर करून म्हणायचे, "घरचं मानूस कोन, ह्ये त्याला शिकवायचं. सोयरं आलं आन् कुत्रं भुंकलं, तर सोयऱ्याचा हात धरून कुत्र्याच्या डोस्क्यावर ठेवायचा. येकदा का हात ठेवला की जल्मभर त्याच्यावर भुंकत न्हाई." मी ही पद्धत ऐकून मान डोलावली होती. चांगलीच वाटली होती मला.

सगळ्या गावाला मारणाऱ्या या माणसाचा हात दोन माणसांवर कधी उठला नाही. एक त्यांची लेक रेणुका आणि दुसरा त्यांचा जावई गजानन.

रेणुका त्यांची एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली. तिला डोंगरकडा नावाच्या गावी दिली होती. एका दुपारी ती एसटीतून उतरून पायी चालत घरी आली. खांद्याला एक पिशवी, ओठ फाटलेला, आणि उजव्या बाजूनं हाक मारली तर वळून बघेना. कानफटात बसून पडदा फाटला होता. आबांनी तिला काही विचारलं नाही. काठी उचलली, कुंपणाच्या फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. मला वाटलं, आता हे डोंगरकड्याला जाणार आणि त्या गजाननाचा चेंदा करणार. खरं सांगते, मला तेच हवं होतं. पण ते गेले नाहीत.

"काहून नाही गेलात?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"जावई हाय, बाई."

"रस्त्यातल्या माणसाचं नाक फोडता आणि ज्यानं लेकीचा कान फोडला त्याला जावई म्हणून सोडता?"

"लग्नात पाय धुतले म्या त्याचे," आबा म्हणाले. "ज्याचे पाय धुतले त्याच्यावर हात न्हाई उचलत."

मी त्या दिवशी चहा न पिता उठले. आठवडाभर त्या ओट्यावर पाय ठेवला नाही.

रेणुका मात्र बापापेक्षा शहाणी निघाली. लग्नाआधी ती लग्नाचे अल्बम तयार करायला शिकली होती. फोटो निवडायचे, रंग सुधारायचे, नवरा-नवरीमागं ताजमहाल लावायचा, सगळं तिला येत होतं. बाहेरच्या खोलीत जुना संगणक आला आणि वसमतचे फोटोवाले तिच्याकडे फेऱ्या मारायला लागले. समाजातली चार वडीलधारी मंडळी दर महिन्याला येऊन आबांना टोचायची, "पोरगी किती दिवस बसून खाणार? नांदायला धाडा." ती बसून खात नाही, हे दाखवायला रेणुकाकडे त्या यंत्राशिवाय दुसरं काही नव्हतं. ते चालू राहिलं तर ती इथं राहणार, बंद पडलं तर डोंगरकड्याची एसटी. मला ती एकदा म्हणाली, "बाई, ह्ये यंत्र न्हाई, माझा दरवाजा हाय."

आणि एक दिवस तेच बंद पडलं. कुणा फोटोवाल्याच्या पेनड्राइव्हमधून काहीतरी आत आलं आणि एका लग्नाच्या सगळ्या फायली नासल्या. नावं बदललेली, एकही उघडेना. फोटोवाला नवरदेवाच्या दोन भावांना घेऊन आला. त्यांतल्या एकानं रेणुकाचा दंड धरला. मी माडीवरून पाहिलं ते एवढंच की तो भाऊ हवेतून कुंपणापलीकडे गेला आणि लेंड्यांत पालथा पडला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर काठी बसली. फोटोवाला पळाला, चप्पल टाकून. मग नेहमीप्रमाणे पाणी, हळद, चहा. फोटो मात्र परत मिळाले नाहीत.

ती माणसं गेल्यावर आबांनी लेकीला विचारलं, "कोन व्हतं त्ये?"

"व्हायरस म्हंत्यात, आबा. पेनड्राइव्हमधून घुसतो, इंटरनेटवरून घुसतो. कळतच न्हाई कवा आला."

"आवाज न करता घुसतो आन् सगळी मेंढरं मारतो?"

"व्हय."

"मंग राखन पाह्यजे," आबा म्हणाले आणि लगेच पागोटं बांधायला लागले.

आम्ही तिघं वसमतच्या बाजारात गेलो. दुकानदारानं अँटीव्हायरसची पाच-सहा खोकी टेबलावर मांडली आणि त्याचं पाठ केलेलं सुरू झालं. यात बँकेच्या व्यवहाराचं संरक्षण, यात लेकरांवर नजर ठेवायची सोय, यावर मोबाइलचं फुकट. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चावतं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ह्ये जे हाय, ते चावतं का नुसतं भुंकतं?"

दुकानदार हसला आणि सगळ्यात चकचकीत खोकं त्यानं आमच्या गळ्यात मारलं. ते घरी बसवलं आणि आमचं डोकं उठलं. दर थोड्या वेळानं कोपऱ्यातून चौकट उगवायची, तुमचा संगणक धोक्यात आहे, आणि खाली याहून भारी पॅक विकत घ्यायचं बटण. यंत्र इतकं मंदावलं की एक फोटो उघडेपर्यंत रेणुकाचं भांडं घासून व्हायचं. आणि खरा पेनड्राइव्ह लावला, त्यात नासकी फाईल होती, तर हा पठ्ठ्या गप्प.

"लांडगा दिसत न्हाई ह्याला," आबा म्हणाले. "भाकर तेवढी दिसती."

ते खोकं घेऊन गेले आणि त्यांनी दुकानदाराचं डोकं काउंटरवर दाबून धरलं. मी सोबत होते. लाजेनं मेल्यासारखं झालं. काउंटरची काच तडकली, दुकानदाराच्या भुवईतून रक्त आलं, बाहेर गर्दी जमली. आबा त्याच्या कानाशी वाकून विचारत होते, "भुंकतं का चावतं? आता सांग." मी त्यांच्या पाठीवर छत्री हाणली तेव्हा कुठं त्यांनी सोडलं.

घरी रेणुका त्यांच्यावर उखडली. "आबा, मारून न्हाई निवडता येत ह्ये! तपासून निवडावं लागतं."

मग तिनं आम्हाला समजावलं. एका वेळी एकच बसवायचं, दोन असले की एकमेकांवरच धावून जातात आणि यंत्र अडकतं. बहुतेकांचं महिनाभर फुकट वापरून बघता येतं. रोज नव्या धोक्यांची माहिती उतरवून घेतं की नाही ते बघायचं, यंत्र किती मंदावतं ते बघायचं. आणि तपासणीसाठी एक खास फाईल मिळते. तिच्यात विष नसतं, पण प्रत्येक अँटीव्हायरसनं तिला पकडायचं असा ठराव आहे.

आबांचा चेहरा उजळला. "म्हंजी कान धरून उचलायचं!"

महिन्या-महिन्याच्या अंतरानं तीन अँटीव्हायरसचे कान धरले गेले. मी प्रत्येक वेळी हजर होते. शाळेतल्या परीक्षांना मी इतक्या उत्साहानं कधी गेले नाही. पहिल्यानं ती फाईल खुशाल आत येऊ दिली. दुसऱ्यानं भोंगा वाजवला, पडदा लाल केला आणि काढून टाकायचे पैसे मागितले. तिसऱ्याच्या वेळी रेणुकानं फाईल उतरवायला घेतली आणि काहीच झालं नाही. फाईलच नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ आली, धोका काढून टाकला. आबांनी टेबलावर अशी थाप मारली की पाण्याचा पेला खाली पडला.

"ह्योच! ह्योच सुलतान!"

तेव्हापासून त्याचं नाव सुलतान. रेणुकानं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, "पन आबा, काही बाबतीत त्यो आपल्यालाच इचारतो. लाल चौकट आली आन् आपुन 'येऊ दे' म्हनलं की त्यो गप बसतो. मंग पुन्ना त्याच्यावर भुंकत न्हाई."

"बसलाच पाह्यजे," आबा म्हणाले. "धन्याचं न ऐकनारं कुत्रं काय कामाचं?"

आम्ही तिघंही हसलो होतो.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं. आबा यंत्राशेजारी घोंगडं टाकून बसायचे, काठी मांडीवर. पेनड्राइव्ह घेऊन कुणी आलं की आधी त्यांच्या हातात द्यायचा. ते तो उलटासुलटा करून बघायचे, जणू त्यांना त्यातलं दिसतच होतं. एका फोटोवाल्यानं न विचारता परस्पर लावला तर त्याच्या पंज्यावर काठी बसली. कामं वाढली. महिन्याला येणारी वडीलधारी मंडळी हळूहळू यायची थांबली.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालतात, वाण देतात, हे आमच्याकडे कुणाला चुकत नाही. मंडळींनी तेवढंच निमित्त धरलं. पोरगी नांदत नसली म्हणून काय झालं, जावयाचं वाण चुकवू नका, त्या निमित्तानं बोलणं होईल. रेणुका म्हणाली, मी त्याच्यासमोर येणार नाही. आबा म्हणाले, नको येऊ, पण घरातून कुणी उपाशी जायला नको. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी तिच्या सोबतीला आत जाऊन बसले आणि पुरणाचे धोंडे उकडायला मदत केली. बाहेर गजानन आला, मंडळी आली. आबांनी त्याच्या पायावर पाणी घातलं, त्याचा आवाज आम्हाला आतून ऐकू आला. रेणुकानं ओठ दाबून धरले होते.

थोड्या वेळानं बाहेरून यंत्राचा आवाज आला. टूं, टूं, टूं. रेणुकाचा झारा हातातच राहिला. तेवढ्यात बाहेर मंडळी खो-खो हसली आणि आबांचा आवाज आला, "काही न्हाई गं, काही न्हाई! घरचंच हाय!" आवाज थांबला. रेणुकानं पातेल्यावरचं झाकण काढलं. मीही काही विचारलं नाही. जेवणं झाली, वाण घेऊन गजानन गेला, बोलणी काही झालीच नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी होते. रेणुकानं संगणकावरून मला लिहिलं, "बाई, सोमवारी वकिलांकडे जाते. आबांना सांगितलं नाही. मेले तरी परत जाणार नाही." मी तिला लिहिलं, जा, बिनधास्त जा.

सोमवारी वकिलांच्या ऑफिसच्या अलीकडे, भर बाजारात, गजानन तिची वाट बघत उभा होता. हातात लोखंडी नळी. त्यानं तिला केसांना धरून पानाच्या दुकानाच्या ओट्यावर पाडलं. तिचा उजवा हात ओट्यावर दाबला आणि पंज्यावर नळी घातली. एकदा नाही. लोक उभे होते. नवरा-बायकोचं आहे, म्हणून उभे होते. प्रत्येक फटक्याला तो एकच वाक्य म्हणत होता, "मेले तरी परत जाणार नाही? मेले तरी?"

मी पहिल्या गाडीनं परत आले. सरकारी दवाखान्यात रेणुका पडली होती, हाताला खांद्यापर्यंत पट्ट्या. बोटांची हाडं चुरगळली होती. खाटेच्या पायाशी आबा उभे होते आणि त्यांच्या हातात फांद्या तोडायची कुऱ्हाड होती. ते निघालेच होते. जावई, धुतलेले पाय, सगळं संपलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

"बाई," रेणुका मला म्हणाली, "मी लिव्हलं ते तुमी कुनाला बोलला का?"

"नाही गं. कुणालाही नाही."

"मंग त्याला कसं ठाऊक? दिवस ठाऊक, वकील ठाऊक. त्यानं माझंच वाक्य मला ऐकवलं."

आबा दाराशी थांबले. वळले. कुऱ्हाड हातात तशीच घेऊन खाली फरशीवर बसले.

"सुलतान भुंकला व्हता," ते म्हणाले.

"कवा?"

"धोंड्याच्या दिशी. जावई म्हनला, लग्नाचे फोटू आनलेत, रेणुकाला द्या. त्यानंच त्ये बारकं लावलं यंत्राला. लाल झालं, वरडायला लागलं. जावई म्हनला, मामा, तुमचं कुत्रं जावयावर भुंकून राहिलं. मंडळी हसली. मला शरम वाटली. म्हनलं, घरच्या मानसावर भुंकतं म्हंजी काय." त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा फरशीवर टेकवला. "म्या जावयाचा हात धरला. आन् त्या 'येऊ दे'च्या बटनावर ठिवला."

 गजानन डोंगरकड्याला मोबाइल दुरुस्त करायचा, त्याला यातलं सगळं येत होतं. त्यानं आत सोडलेलं ते जे काही होतं, ते रेणुका टंकेल ते अक्षर न् अक्षर त्याला पाठवत होतं. आणि आबांनी एकदा घरचं म्हटल्यावर सुलतान पुन्हा भुंकला नव्हता. जगात कुणालाही मारायला न कचरणारा हा माणूस नेमका जिथं काठी उचलायची तिथं वाकला होता. मला त्यांचा इतका संताप आला की मी तोंड फिरवून खिडकीकडे उभी राहिले.

आबा कुऱ्हाड टेकवत उठले.

"बसा," रेणुका म्हणाली.

"त्याला तोडतो."

"तुमी त्याला तोडलं तर तुमी जेलात, त्यो दवाखान्यात. आन् मंडळी मला त्याची सेवा करायला धाडतील." तिचा आवाज चढला नाही. "मारायचं न्हाई. आत्ता जे मला सांगितलं, तेच पोलिसात सांगायचं. सगळ्यांम्होरं. हात तुमी ठिवला ह्ये बी सांगायचं."

आबांनी जन्मात कधी कुणापुढं स्वतःची चूक बोलून दाखवली नव्हती. त्यातून जावयाविरुद्ध. मंडळी दवाखान्यातच येऊन म्हणाली, आबा, घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नका, सासऱ्यानं जावयावर साक्ष दिली असं आपल्यात कधी झालं नाही. आबांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, ठाण्यात चला. मला बराबर सांगता येईना तर तुमी सांगा."

पण त्यांनीच सांगितलं. पाय धुतल्यापासून बटणापर्यंत, काहीही न लपवता. लिहून घेणारा जमादार मध्येच हसला. मला वाटलं, आता ह्याचं नाक फुटतंय. आबा फक्त थांबले आणि त्याचं हसणं संपल्यावर पुढं सांगायला लागले.

बाहेर आवारात गजाननचे भाऊ उभे होते. एकानं आबांचं पागोटं उडवलं. दुसऱ्यानं तोंडात मारली. मी पाहिलं, आबांच्या मुठी वळल्या. मग त्यांनी दोन्ही हात बगलेत घालून दाबून धरले, थंडीत माणूस धरतो तसे. भाऊ मारत राहिले आणि आबा खात राहिले. एका गुडघ्यावर आले, पुन्हा उभे राहिले. कुणीतरी हातातलं कडं डोळ्यावर हाणलं. रक्त गालावरून सदऱ्यात उतरलं.

"आबा, मारा!" मी ओरडत होते. "मारा त्यांना!"

"न्हाई, बाई," तोंडात रक्त घेऊन ते म्हणाले. "क्येस बिघडंल लेकराची."

शिपाई धावत बाहेर येईपर्यंत ते तसेच उभे होते. डावा डोळा गेला तो गेलाच.

गजानन आत गेला, पुढं जामिनावर सुटला. रेणुकाची बोटं वाकडीच जुळली. ती डाव्या हातानं काम करायला शिकली. संगणक पूर्ण पुसून तिनं सगळं नव्यानं बसवलं, अँटीव्हायरसही. मात्र त्याला आता कुणी सुलतान म्हणत नव्हतं.

माझी पुन्हा बदली झाली. निघायच्या दिवशी टेंपो गल्लीत उभा होता आणि माझं सामान चढत होतं. समोर आबांच्या बाहेरच्या खोलीत मंडळी आली होती आणि या खेपेला सोबत गजाननचे वडीलही होते. दार उघडं होतं. मी निरोप घ्यायला गेले आणि उंबऱ्याबाहेरच थबकले.

"आबा, झालं गेलं सोडा," एक जण म्हणत होता. "तक्रार मागं घ्या. पोरीला नांदवायला त्ये तयार हायेत. तुमी व्हय म्हना, म्हंजी मिटलं."

आबा घोंगड्यावरून उठले. भिंत चाचपत आतल्या दारापर्यंत गेले आणि रेणुकाला घेऊन आले. बैठकीच्या मधोमध, स्वतःच्या घोंगड्यावर त्यांनी तिला बसवलं.

"बायकांचं काय काम हितं?" मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं. "तुमी बोला की."

"तिच्या वतीनं येकदा म्या व्हय म्हनलो," आबा म्हणाले. "आता तिला इचारा."

आणि ते दाराशी, जिथं सगळ्यांच्या चपला काढलेल्या होत्या, तिथं जाऊन खाली बसले.

रेणुकानं वाकडी बोटं मांडीवर ठेवली. "तक्रार मागं घेनार न्हाई," ती म्हणाली. "आन् मी येनार न्हाई."

कुणी उठेना. गजाननचे वडील आबांकडे बघत राहिले, आबा काहीतरी बोलतील म्हणून.  आबा एका डोळ्यानं चपलांच्या जोड्या जुळवायला लागले. उजवी, डावी. प्रत्येक जोडी हातानं पुसून, उचलून ते गल्लीकडे तोंड करून ठेवत होते. मागून टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. गजाननच्या वडिलांच्या चपला त्यांनी सगळ्यात शेवटी उचलल्या, उपरण्यानं पुसल्या आणि उंबऱ्याबाहेर, माझ्या पायांशी नेऊन ठेवल्या.